बेळगावहून माचू पिचू : मोजक्या दिवसांच्या प्रवासाची आखणी

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात डोंगरावर इंका लोकांच्या जुन्या वस्तीचे अवशेष आहेत, तेच माचू पिचू. तेथे जायचे ठरले की आपल्याकडे बहुतेक जण आधी विमानाचे भाडे पाहतात, आणि आखणी तेथेच चुकते. हाताशी दहा-अकरा दिवसच असतील तर पहिल्यांदा अवशेषांच्या प्रवेशतिकिटाची तारीख पक्की करावी आणि विमान, रेल्वे, मुक्काम हे सर्व तिच्याभोवती बसवावे; कारण विमान मागेपुढे करता येते, पण तेथे रोज किती माणसे आत सोडायची याला मर्यादा आहे आणि तिकिटावर तारखेबरोबर प्रवेशाची वेळही ठरलेली असते.

हे तिकीट सरकारी संकेतस्थळावर काढता येते. ते काढताना तीन फेऱ्यांपैकी एक निवडावी लागते. पहिली फेरी वरच्या अंगाने जाते. तिच्यातून छायाचित्रांत नेहमी दिसणारे दृश्य दिसते, परंतु वस्तीच्या आत फिरता येत नाही. तिसरी फेरी खालच्या भागातून जाते आणि हुआयना पिचूचे शिखर चढायचे असल्यास त्याचे तिकीट या फेरीतच मोडते. दुसऱ्या फेरीत दृश्य आणि वस्ती दोन्ही मिळतात, म्हणून आयुष्यात एकदाच जाणाऱ्याने तिचाच आग्रह धरावा, असे माझे मत आहे. तिकिटावरील नाव पासपोर्टवरील नावाशी तंतोतंत जुळले पाहिजे. सीमाभागात एका कागदावर आडनाव आणि दुसऱ्यावर नुसते आद्याक्षर असा घोळ अनेक घरांत असतो, तो पासपोर्ट काढतानाच निस्तरावा.

पेरू दक्षिण गोलार्धात असल्यामुळे जांबोटी-कणकुंबीत पाऊस कोसळत असतो त्या महिन्यांत तिकडे आकाश मोकळे असते. मे ते सप्टेंबर हा तेथील कोरडा काळ आहे. ज्यांच्या घरी भातशेती आहे त्यांना रोपलावणीच्या दिवसांत पाय बाहेर काढता येत नाही, म्हणून मुलांच्या उन्हाळी सुट्टीतील मे महिना आपल्याला सर्वांत सोयीचा ठरतो. कुस्को शहरात २४ जूनला इंती रायमी हा सूर्योत्सव होतो आणि त्या सुमारास गर्दी फार असते. जानेवारी-फेब्रुवारी हे मुसळधार पावसाचे महिने टाळावेत. माचू पिचूपर्यंत चालत नेणारी चार दिवसांची प्रसिद्ध इंका पायवाट तर फेब्रुवारीत बंदच असते. वाटाडे आणि हमाल धरून तिच्यावर दिवसाला ५०० माणसांनाच परवानगी मिळते, त्यामुळे छोट्या प्रवासात तिचा विचार करू नये.

व्हिसासाठी नवी दिल्लीतील पेरूच्या वकिलातीकडे अर्ज करावा लागतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा युरोपातील शेंगेन गटाच्या देशांचा किमान सहा महिने मुदतीचा व्हिसा असणाऱ्यांना पर्यटनासाठी सवलत आहे, तरी निघण्यापूर्वी वकिलातीकडून खात्री करून घ्यावी. अमेरिकेमार्गे विमान असेल तर नुसते विमान बदलण्यासाठीही तेथील व्हिसा लागतो. स्वस्त तिकीट पाहून हुरळणाऱ्यांच्या हे हमखास लक्षात राहत नाही.

याहून मोठी अडचण परतीच्या वाटेवर येऊ शकते. पेरू हा पीतज्वराचा (यलो फीव्हर) देश मानला जात असल्यामुळे तेथून भारतात येणाऱ्या प्रवाशाकडे पीतज्वर लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते, आणि ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. आपण अॅमेझॉनच्या जंगलाकडे फिरकलोही नाही, हे सांगून उपयोग होत नाही. लस सरकारमान्य केंद्रातच आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. गोवा, पुणे किंवा बेंगळूर यांपैकी जेथे जाणे जमेल तेथील केंद्रात महिनाभर आधी वेळ घेऊन ठेवावी.

आता उंचीविषयी. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. महाराष्ट्रातील कळसूबाई १६४६ मीटर, कर्नाटकातील मुळ्ळय्यनगिरी १९३० मीटर आणि कुस्को सुमारे ३४०० मीटर. म्हणजे दोन्ही राज्यांतील सर्वोच्च शिखरे चढलेला माणूसही त्या शहरात विमानातून उतरताच नवखाच ठरतो. राजहंसगडावर महिनाभर केलेली चढउतार पायांना उपयोगी पडते, विरळ हवेपुढे मात्र ती चालत नाही. माचू पिचू स्वतः सुमारे २४३० मीटरवरच आहे, आणि यातच कार्यक्रम लावण्याची किल्ली आहे. पहिली रात्र समुद्रकाठच्या लिमा शहरात काढावी. दुसऱ्या दिवशी विमानाने कुस्कोला उतरून तेथे न थांबता मोटारीने सुमारे २८०० मीटरवरील ओयांतायतांबो गावी जावे आणि विश्रांती घ्यावी. तिसऱ्या दिवशी सकाळी गावातील इंका किल्ल्याच्या पायऱ्या सावकाश चढून दुपारच्या रेल्वेने माचू पिचूच्या पायथ्याचे आग्वास कालिएंतेस हे गाव गाठावे. चौथ्या दिवशी सकाळी बसने वर जाऊन अवशेष पाहावेत व संध्याकाळी परतावे. शरीर सरावल्यावर, पाचव्या दिवशी कुस्कोतील कोरिकांचा हे इंकांचे सूर्यमंदिर आणि शहरावरच्या डोंगरावरील साक्सायवामान हा दगडी किल्ला पाहावा. डोकेदुखीबरोबर उलटी किंवा धाप सुरू झाली तर अंगावर काढू नये, ताबडतोब खाली उतरावे; रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी घरच्या डॉक्टरांना आधीच विचारावे.

मोठी बॅग ओयांतायतांबोच्या मुक्कामी ठेवून रेल्वेत लहान पिशवीच न्यावी. प्रवेशद्वारावर मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. आत खाद्यपदार्थ, छत्री आणि कॅमेऱ्याची तिकाटणी चालत नाही, स्वच्छतागृह दाराबाहेरच आहे आणि एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा आत सोडत नाहीत. म्हणून दशम्या-चटणीचा समाचार खालीच घ्यावा. पंधराव्या शतकात पाचाकुती या इंका राजाच्या काळात उभारलेल्या या वस्तीत सगळे जण सूर्यमंदिराकडे धावतात, परंतु खानापूरकडच्या उतारावर बांध घालून पाणी वळवणाऱ्या शेतकऱ्याने डोंगराच्या पायऱ्यापायऱ्यांची शेते अवश्य निरखावीत. दगडी ताली, त्यांच्यामागे खडी आणि वर माती अशी रचना असल्यामुळे पाणी झिरपून जाते आणि उतार धसत नाही.

कुस्कोत विरळ हवेवर उतारा म्हणून कोका पानांचा चहा सर्रास देतात. तो तेथेच प्यावा; ती पाने भारतात आणणे गुन्हा आहे. लसीचे प्रमाणपत्र मात्र मोठ्या बॅगेत न टाकता पासपोर्टजवळच ठेवावे.