जुन्या डेस्कटॉपला एसएसडी बसवताना

माझा डेस्कटॉप २०१२ सालचा आहे. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. मी पुस्तकांची अक्षरजुळणी करते, त्यामुळे त्यात चारशेच्या वर देवनागरी फॉन्ट भरलेले आहेत. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसायला दोन मिनिटं लागायची, आणि दिसल्यावरही कॅबिनेटवरचा, डिस्क काम करतेय हे दाखवणारा लाल दिवा आणखी चार मिनिटं विझायचा नाही. तोवर माउस फिरायचा, पण क्लिक केलेलं काही उघडायचं नाही. दादाचं म्हणणं एकच, हे मशीन काढून टाक आणि नवीन घे.

नवीन घेण्याआधी मी एक गोष्ट केली, ती तुम्हीही करा. मशीन रेंगाळत असतानाच टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे आकडे बघा. माझ्याकडे प्रोसेसर ८ टक्क्यांच्या आसपास होता, मेमरी ६० टक्के आणि डिस्क सलग १०० टक्के. प्रोसेसर हातावर हात ठेवून डिस्कची वाट बघत होता. असं चित्र दिसलं तर एसएसडीने, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कने, फरक पडणारच. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर मात्र आधी रॅम वाढवा, कारण रॅम भरली की विंडोज डिस्कवरची जागा वापरून वेळ निभावतं आणि डिस्कचा आकडा त्यामुळेही चढतो. आणि प्रोसेसरच शंभरावर असेल तर एसएसडीवर पैसे घालू नका.

डिस्क नेमकी कुठे अडते

हे समजून घेतलंत तर खरेदी करताना चूक होणार नाही. ७२०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणाऱ्या, डिस्कला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा हेडखाली, म्हणजे माहिती वाचणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे चार मिलिसेकंदांहून थोडं जास्त. त्याआधी हेड योग्य ट्रॅकवर सरकायला आणखी आठ-नऊ. एका ठिकाणची माहिती वाचायला साधारण १२-१३ मिलिसेकंद गेले, तर सेकंदाला जेमतेम ७५-८० ठिकाणं होतात. मशीन सुरू होताना विंडोज हजारो छोट्या फायली इथून तिथून उचलतं. माझे चारशे फॉन्ट म्हणजे त्यात भर. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. तिला तीच माहिती ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास मिळते.

म्हणून खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या ५५० एमबी प्रति सेकंद या आकड्यावर जाऊ नका. तो एकच मोठी फाइल सलग वाचण्याचा वेग आहे. माझ्या मदरबोर्डवर डिस्क जोडायचे साटा-२ पोर्ट आहेत, ३ गिगाबिटचे, आणि त्यांतून २७०-२८० एमबीच्या वर काही येत नाही. तरीही फरक प्रचंड जाणवला, कारण माझी अडचण सलग वेगाची नव्हतीच. बोर्डावर ६ गिगाबिटचे पोर्ट असतील तर एसएसडी त्यांतल्या एकाला लावा. नसतील तर बिनधास्त साटा-२ ला लावा.

काय घ्यायचं

जुन्या डेस्कटॉपला अडीच इंची साटा एसएसडी घ्या. एनव्हीएमई (साटाऐवजी पीसीआय एक्सप्रेसवर चालणारी एसएसडी) कितीही वेगवान असली तरी जुन्या बोर्डाच्या बायोसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरला, ती बूट करता येत नाही. पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड लावून ती बसवली, तरी विंडोज तिच्यावरून सुरू होईल याची खात्री नसते.

आकार ठरवताना जुन्या डिस्कवर किती जागा भरली आहे ते बघा आणि त्याच्या दीडपट तरी घ्या. डिस्क जशीच्या तशी क्लोन करणार असाल तर आणखी एक बघा. माझी जुनी डिस्क ५०० जीबीची, मी एसएसडी आणली ४८० जीबीची. भरलेली जागा फक्त १८० जीबी होती, त्यामुळे चालेल असं वाटलं. पण क्लोनझिलासारखं मोफत सॉफ्टवेअर नेहमीच्या पद्धतीने चालवलं तर नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठीच मागतं. एसएसडीच्या कंपनीचं स्वतःचं क्लोनिंगचं सॉफ्टवेअर होतं, त्याने पार्टिशनचा, म्हणजे डिस्कवरच्या विभागाचा, आकार आपोआप कमी केला, म्हणून निभावलं. तुम्ही ५०० किंवा ५१२ ची घ्या, हा प्रश्नच येणार नाही.

ती लवकर झिजेल ही भीती जवळपास प्रत्येकाला असते. एसएसडीच्या माहितीपत्रकात टीबीडब्ल्यू असा आकडा असतो, म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहिण्याची हमी आहे ते. समजा तो २०० आहे. रोज २० जीबी लिहिलंत तरी वर्षाला ७.३ टेराबाइट होतात, म्हणजे २७ वर्षं. तेव्हा काळजी सोडा. नाव न ऐकलेली, संशय येण्याइतकी स्वस्त एसएसडी मात्र घेऊ नका. खोटी क्षमता दाखवणारा माल बाजारात येतो. शंका असेल तर आधी एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या छोट्या सॉफ्टवेअरने पूर्ण जागा भरून आणि परत वाचून बघा.

सोबत एक साटा डेटा केबल, अडीच इंचीवरून साडेतीन इंचीवर नेणारी पट्टी आणि सीआर-२०३२ सेल घ्या. सेल कशाला, ते शेवटी सांगते.

कॅबिनेट उघडण्याआधी

बॅकअप. क्लोन करणार आहात म्हणून बॅकअप नको, असं समजू नका. क्लोन करताना कुठली डिस्क मूळ आणि कुठली नवी ते उलटं निवडलं, तर कोरी एसएसडी तुमच्या फायलींवर क्लोन होते. हे एका क्लिकमध्ये होतं आणि परत फिरवता येत नाही. म्हणून महत्त्वाचं सगळं तिसऱ्याच ठिकाणी, बाहेरच्या डिस्कवर ठेवा.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरने जुन्या डिस्कची तब्येत बघा. ०५ आणि सी-५ या दोन ओळी महत्त्वाच्या. पहिलीत डिस्कने बाद करून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) असतात, दुसरीत वाचता न येणारे, निकाल लागायचे सेक्टर. सी-५ शून्य नसेल तर क्लोनच्या नादी लागू नका. आधी फायली वाचवा आणि एसएसडीवर विंडोज नव्याने टाका.

खरं तर जमत असेल तर नव्यानेच टाका, असं माझं मत आहे. दहा वर्षांचा साठलेला कचरा नव्या घरात न्यायचा कशाला? मी क्लोन केलं, कारण अक्षरजुळणीच्या एका जुन्या सॉफ्टवेअरची सीडी आता माझ्याकडे नाही. नव्याने टाकणार असाल तर जुन्या डिस्कची केबल काढूनच टाका. ती जोडलेली राहिली तर विंडोज कधी कधी बूटची फाइल जुन्या डिस्कवर ठेवतं, आणि सहा महिन्यांनी ती डिस्क काढली की मशीन सुरूच होत नाही.

आता बायोस. जुन्या बोर्डांवर साटा मोड, म्हणजे बोर्डाने डिस्कशी बोलायची पद्धत, बहुतेक वेळा आयडीई ही जुनी असते. एसएसडी त्यातही चालते, पण एकाच वेळी आलेल्या अनेक मागण्या रांगेत घेण्याची तिची सोय बंद राहते. एएचसीआय ही नवी पद्धत हवी. थेट बायोसमध्ये जाऊन बदललंत तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबेल, म्हणून क्रम पाळा. विंडोज १० मध्ये एमएसकॉन्फिग उघडा, बूटच्या पानावर सेफ बूटवर टिक करा आणि रीस्टार्ट करा. सुरू होतानाच बायोसमध्ये शिरून मोड एएचसीआय करा आणि सेव्ह करा. मशीन सेफ मोडमध्ये येईल आणि लागणारा ड्रायव्हर स्वतः उचलेल. मग टिक काढा आणि पुन्हा रीस्टार्ट. हे क्लोन करण्याआधी, जुन्या डिस्कवरच करा.

बसवणं

वायर भिंतीतून काढा आणि मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि कामाला लागा. धूळ साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, हवेच्या झोताने ती गरागरा फिरू देऊ नका.

जुन्या डिस्कचे जाड आट्यांचे स्क्रू एसएसडीला लावू नका. तिला बारीक आट्यांचे एम-थ्री स्क्रू लागतात, जाड घुसवलेत तर आटे जातात. ती उभी, आडवी, उलटी कशीही बसवली तरी चालते.

केबल काढताना आणि लावताना मात्र घाई करू नका. साटाच्या खाचेत एल आकाराची प्लास्टिकची पातळ पट्टी असते, तिच्यावर पिना टेकलेल्या असतात. मी एकदा एका डिस्कची पॉवर केबल तिरपी ओढली. टक्क असा आवाज आला आणि ती पट्टी मोडून केबलच्या तोंडातच राहिली. डिस्कवर पंधरा बारीक तारा बिनआधाराच्या उरल्या. डिस्क शाबूत होती, पण तिला वीज नीट पोचवणं अशक्य झालं. तेव्हापासून मी कनेक्टर दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून सरळ मागे ओढते. डेटा केबलला लोखंडी क्लिप असेल तर ती आधी दाबावी लागते.

पॉवर सप्लायला साटाची वायर शिल्लक नसेल तर जुन्या चार पिनी मोलेक्सवरून साटा करणारी वायर मिळते. प्लास्टिक ओतून सगळ्या तारा एकत्र केलेला प्रकार घेऊ नका. त्यात आतल्या आत शॉर्ट होऊन तो जळाल्याची उदाहरणं आहेत. तारा वेगवेगळ्या दिसणारा, क्रिंप केलेला (तारा दाबून बसवलेला) कनेक्टर घ्या.

क्लोनसाठी दोन्ही डिस्क एकाच वेळी बोर्डाला जोडता येतात. माझं १८० जीबीचं क्लोन दीड तासात झालं. झालं की मशीन पूर्ण बंद करा, जुन्या डिस्कची डेटा केबल काढा आणि पहिल्यांदा फक्त एसएसडीवर सुरू करा. दोन्ही एकत्र ठेवून सुरू केलंत तर एकसारख्या ओळखीच्या दोन डिस्क बघून विंडोजचा गोंधळ उडतो.

सुरू झाल्यावर

माझं मशीन २४ सेकंदांत डेस्कटॉपवर आलं, आणि लाल दिवा दोन-चारदा लुकलुकून विझला. फॉन्टची यादी क्षणात उघडली, तेव्हा दादाला हाक मारून दाखवली. तीनशे पानांची पीडीएफ बनवायला मात्र पूर्वीएवढाच वेळ लागतो, ते प्रोसेसरचं काम आहे.

दोन गोष्टी तपासून घ्या. ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्जमध्ये ती सॉलिड स्टेट ड्राइव्ह म्हणून दिसली पाहिजे. तिथलं आपोआप चालणारं वेळापत्रक बंद करू नका, ते डीफ्रॅग न करता ट्रिम चालवतं, म्हणजे पुसलेल्या फायलींची जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवतं. आणि आठवड्याने क्रिस्टलडिस्कइन्फोत सी-७ ची ओळ बघा. तो आकडा वाढत असेल तर केबल खराब आहे, बदला. जुनी डिस्क दोन आठवडे तशीच बाजूला ठेवा, मग फॉरमॅट करून साठवणीला वापरा.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि माझ्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. म्हणून त्याच एसएसडीवर दुसऱ्या पार्टिशनमध्ये मी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली आहे. इंटरनेट तिथे, आणि विंडोज फक्त अक्षरजुळणीपुरतं, तेही नेटवर्क बंद ठेवून.

आता सेलबद्दल. एसएसडी बसवून चार महिने झाले असतील. सकाळी बटण दाबलं आणि निळा पडदा आला, बूट डिव्हाइस सापडत नाही. दोन दिवसांवर छपाई होती. एसएसडी गेली असं धरून मी बायोसमध्ये शिरले, तर ती यादीत व्यवस्थित दिसत होती. मग वरच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेलं, १ जानेवारी २०११. मदरबोर्डावरचा सेल संपला होता. रात्री मी भिंतीवरचं बटण बंद करते, त्यामुळे बायोस सगळं विसरलं आणि साटा मोड परत आयडीईवर गेला. सेल मीटरवर मोजला तर ३ व्होल्टच्या जागी २.४ भरला. नवा बसवला, मोड एएचसीआय केला, तारीख लावली आणि विंडोज जसं होतं तसं उघडलं.

तेव्हा कॅबिनेट उघडलंच आहे तर सेलही त्याच दिवशी बदला. क्लिप बाजूला सारली की तो वर उडतो, नवा बसवताना प्लसची बाजू वर ठेवा. मग बायोसमध्ये मोड आणि बूटचा क्रम पुन्हा तपासा. मी या दोन्ही नोंदी कागदावर लिहून कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवल्या आहेत.