गावात पूरग्रस्त आले की पाण्याची आणि संडासाची सोय कशी लावायची

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं, तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे, म्हणजे किती वर ते बघा. नदीकाठची माणसं ट्रॅक्टरनं, बोटीनं, म्हशी हाकत वरच्या गावांकडं आली. आमचं गाव उंचावर, त्यामुळं शाळा, मंगल कार्यालय, देवळाचा सभामंडप सगळं दोन दिवसांत भरलं. भाकरी कमी पडली नाही, घराघरातनं दुरड्या आल्या. कमी पडलं ते पाणी आणि त्याच्याही आधी संडास. २०२१ च्या जुलैमध्ये परत तीच वेळ आली पण तेव्हा आम्ही बचत गटाच्या बायका, गावाच्या पिण्याच्या पाण्याकडं बघणारा जलसुरक्षक, आशाताई, सगळ्यांनी आधी बसून ठरवलं होतं म्हणून निभावलं. ते काय काय ठरवलं ते इथं लिहितेय, पूर ओसरल्यावर नाही तर पाऊस लागायच्या आत वाचा.

पहिली गोष्ट, छावणीचं पाणी वेगळं आणि गावाचं पाणी वेगळं असं काही नसतं. टाकी एकच, विहीर एकच, सांडपाणी जातं तो ओढाही एकच. २०१९ ला आम्ही काय केलं, सगळी मदत शाळेकडं वळवली. शाळेच्या चावीला, म्हणजे नळाला, दिवसभर पाणी आणि त्यामुळं टाकी खाली होऊन खालच्या आळीला तिसऱ्या दिवशी थेंब नाही. ज्या बायका आदल्या रात्री त्याच लोकांसाठी दोन दोन पायल्यांच्या भाकऱ्या थापत होत्या त्याच सकाळी चावीवर म्हणायला लागल्या की ह्यांच्यामुळं आमचं पाणी गेलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण घरात म्हातारं माणूस आणि लहान पोर असताना घागर रिकामी राहिली की कुणाचंही डोकं फिरतं. आणि पलीकडं शाळेतल्या माणसांच्या कानावर ते गेलं तेव्हा त्यांच्या तोंडाकडं बघवेना, घर पाण्यात, आणि वर हे ऐकायचं.

जगात जिथं खूप निर्वासित येतात तिथंही हाच प्रश्न पहिला येतो. युगांडात शेजारच्या देशांतनं आलेले लाखो निर्वासित राहतात, तिथल्या सरकारचं धोरणच आहे की निर्वासितांसाठी आलेल्या मदतीतला ३० टक्के वाटा आसपासच्या गावांना मिळाला पाहिजे. आणि निर्वासित म्हणजे लांबची गोष्ट असंही समजू नका, दुसऱ्या महायुद्धात पोलंडची पाच हजारांच्या आसपास माणसं आपल्या शेजारी कोल्हापूरजवळ वळिवड्यात येऊन १९४३ ते १९४८ राहिली होती. कोयना धरणात गावं गेलेली माणसं दुसऱ्यांच्या शिवारात येऊन वसली ती तर आपलीच. म्हणून आम्ही साधा नियम केला, छावणीसाठी एक काम झालं की गावासाठी एक करायचं. शाळेत पाचशे लिटरची टाकी बसवली की त्याच दिवशी खालच्या आळीचा गळका व्हॉल्व्ह दुरुस्त. टँकर आला की आधी थोडं पाणी गावाच्या टाकीत. एवढ्यानं निम्मी भांडणं होतच नाहीत.

आता मोजणी. टँकर मागवायच्या आधी डोकी मोजा, आणि माणसांबरोबर जनावरंही मोजा, हे सगळे विसरतात. माणसाला प्यायला, स्वयंपाकाला, आंघोळीला आणि धुण्याला मिळून दिवसाला कमीत कमी १५ लिटर धरतात, जगभर मदतकार्यात हाच आकडा वापरतात. तुलनेला सांगते, जलजीवन मिशनमध्ये माणशी ५५ लिटर धरलंय, म्हणजे १५ म्हणजे अगदी कसंबसं. समजा ६०० माणसं आली, ९ हजार लिटर झाले. बरोबर १२० म्हशी गाई आल्या, म्हैस सहज ५० लिटर पिते, ते झाले ६ हजार. म्हणजे रोज १५ हजार लिटर, दहा हजारी टँकरची दीड खेप. लोक म्हणतात एक टँकर बास, तो बास का होत नाही ते ह्यात आहे. जनावरांना क्लोरीनच्या टाकीतलं पाणी द्यायची गरज नाही, त्यांचा दोण वेगळा ठेवा, शेततळं नाहीतर एखाद्या बागायतदाराची बोअर त्यांच्याकडं वळवा. आमच्या तात्यांनी द्राक्षबागेचं शेततळं दिलं आणि पाण्याचा निम्मा ताण गेला.

चाव्या किती लागतात तर २५० माणसांमागं एक, आम्ही ६०० ला चार ठेवल्या, पीव्हीसी पाइपला चार कॉक काढून विटांच्या ओट्यावर. खाली सांडपाणी साचू देऊ नका, वाळू खडी टाकून छोटा चर काढा, नाहीतर दोन दिवसांत चिखल आणि चार दिवसांत डास. आणि भांडी द्या. माणसं अंगावरच्या कपड्यानिशी आलेली असतात, पाणी आहे पण भरायला काही नाही असं होतं. कुटुंबामागं दोन झाकणाची भांडी, एक आणायला एक साठवायला, पिण्याच्या भांड्यात हात बुडवायचा नाही म्हणून दांड्याचं वगराळं. ही बारकी वस्तू वाटते पण स्वच्छ पाणी घाण होतं ते बहुतेक वेळा भांड्यातच होतं.

टँकरचं एक सांगायचं राहिलंच. २०१९ ला एक टँकर आला, कुठनं भरला ते आम्ही घाईत विचारलं नाही, पाणी तर गार आणि स्वच्छ दिसत होतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून शाळेत जुलाब सुरू झाले. तेव्हापासून आमच्या वहीत प्रत्येक टँकरची नोंद असते, कुठं भरला, किती वाजता, कुणी तपासला. तपासल्याशिवाय नळी सोडायची नाही, ड्रायव्हरदादा कितीही घाईत असू दे.

तपासणी म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची ओटी टेस्ट. बारक्या काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे, हलवायचं आणि पांढऱ्या कागदासमोर धरायचं. फिकट पिवळा रंग आला, कोवळ्या लिंबासारखा, तर क्लोरीन आहे. काहीच रंग आला नाही तर ते पाणी द्यायचं नाही. गडद पिवळा, नारिंगीकडं गेला तर डोस जास्त झालाय, थांबा. शेवटच्या चावीवर पाण्यात लिटरमागं ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक पाहिजे. टाकीवर टेस्ट करून समाधान मानू नका, शेवटच्या चावीला करा आणि रोज दोन तीन कुटुंबांच्या भांड्यातलंही बघा. आमच्याकडं नववीतल्या दोन पोरी हे काम करायच्या, एक छावणीतली एक गावातली, सकाळ संध्याकाळ नळी घेऊन फिरायच्या आणि फळ्यावर लिहायच्या. पिवळा रंग बघायला बायका जमायच्या, मग आपोआप सगळ्यांना कळायला लागलं की कुठलं पाणी प्यायचं.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, तिचा डोस, ३३ टक्के क्लोरीन असलेली ताजी पावडर असेल तर हजार लिटरला ५ ग्रॅम. पावडर सरळ टाकीत ओतू नका. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात लाकडी काठीनं कालवा, गाळ खाली बसू द्या, वरची निवळी टाकीत सोडा आणि कमीत कमी अर्धा तास पाणी वापरू नका. तोंडाला कापड, हातात मोजे. पोतं एकदा फोडलं आणि दमट जागेत ठेवलं की क्लोरीन उडून जातं, मग कितीही टाका, ओटीला रंग येत नाही, आणि पुरात सगळंच दमट असतं म्हणून पोतं झाकणाच्या बॅरलमध्ये ठेवा. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन नीट काम करत नाही, आधी तुरटी फिरवून निवळू द्या मग टीसीएल. घरातल्या भांड्यासाठी मेडिक्लोरच्या, म्हणजे पातळ क्लोरीनच्या, बाटल्या आरोग्य उपकेंद्रातनं मिळतात, आशाताईंना आधीच सांगून ठेवा.

संडासाचं मात्र मनावर घेऊन वाचा, कारण ह्यावर गावात कुणी मोठ्यानं बोलत नाही आणि त्रास बायकांना होतो. २०१९ ला शाळेत मुलींचे तीन आणि मुलांचे दोन, त्यातल्या एकाला आतनं कडी नाही. बायका दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत, का तर जायला लागू नये म्हणून. रात्री अंधारात चौघी चौघी मिळून ओढ्याकडं जायच्या, पावसात, टॉर्चवर. एक गरोदर पोरगी होती, ती तर जेवायचीच नाही नीट. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही एका मावशीनं भांडी घासताना हळूच सांगितलं म्हणून.

हिशोब असा की पहिल्या दिवसांत ५० माणसांमागं एक संडास आणि मुक्काम वाढला तर २० माणसांमागं एक. ६०० माणसांना लगेच १२, नंतर ३०. त्यात बायकांचे तीन तर पुरुषांचा एक ह्या प्रमाणात, म्हणजे १२ मधले ९ बायकांचे. एवढे फिरते संडास पुरात कोण आणून देणार, रस्ते बंद असतात. म्हणून आम्ही २०२१ ला घरं जोडून दिली. गावात घरोघरी संडास आहेत, प्रत्येक तयार घराला छावणीतली एक दोन कुटुंबं जोडायची, आधी बायका, म्हातारी माणसं, आजारी. त्या घराला त्या बदल्यात रोज जादा पाणी, फिनेल, साबण, आणि सेप्टिक टँक उपसायची वेळ आली तर खर्च समितीचा. जबरदस्ती कुणावर नाही, ज्या काकी नको म्हणाल्या त्यांना परत विचारलं नाही. वीस बावीस घरं मिळाली. आणि गंमत अशी की जी माणसं एका घरात जायला यायला लागली त्यांची ओळख झाली, अजून दिवाळीला येणं जाणं आहे.

उरलेल्यांसाठी ताडपत्रीचे तात्पुरते संडास आणि न्हाणी करा. विहीर आणि बोअरपासून ३० मीटर तरी लांब, उताराला खालच्या बाजूला, झोपायच्या जागेपासून मात्र ५० मीटरच्या आत. नदीकाठच्या काळ्या रानात पावसाळ्यात खड्डा खणला की हातभर खाली पाणी लागतं, तिथं खड्ड्याचा नाद सोडा, जमिनीवर बॅरल ठेवून वर ओटा करा. बांगलादेशात २०१७ ला रोहिंग्या निर्वासित आले तेव्हा कॉक्स बाजारला घाईत संडास आणि कमी खोलीचे हातपंप जवळ जवळ झाले आणि पंपाचं पाणी घाण झालं, नंतर कितीतरी संडास नि पंप बंद करायला लागले. घाईत एक दिवस वाचतो आणि महिनाभर निस्तरत बसायला लागतं.

दाराला आतनं कडी, बाहेर रात्रभर दिवा, आत कपडे अडकवायला खिळा, बादली आणि मग. पॅड टाकायला झाकणाचा डबा, आणि ज्या कापड वापरतात त्यांना ते धुवायला वाळवायला आडोसा. म्हाताऱ्यांसाठी प्लॅस्टिकच्या खुर्चीचं बसायचं कापून खाली भांडं ठेवलं तरी चालतं, आमच्या सुतार अण्णांनी तीन खुर्च्या करून दिल्या. हात धुवायची जागा दारातच, साबण जुन्या पायमोज्यात घालून लटकवला की चिखलात पडत नाही आणि चोरीलाही जात नाही. जागा कुठं करायची ते बायकांना सोबत नेऊन ठरवा, पुरुष मंडळी सोयीची जागा बघतात, बायका रस्ता किती उघड्यावर आहे ते बघतात.

सेप्टिक टँकची उपसा गाडी दुसऱ्याच दिवशी सांगून ठेवा. शंभर पोरांच्या शाळेची टाकी, त्यावर सहाशे माणसं, ती तुंबणारच. सांगली मिरजेच्या गाड्या पुरात अडकलेल्या असतात म्हणून तासगाव, विट्याकडं चौकशी करा. काही झालं तरी माणूस टाकीत उतरवू नका, आतल्या गॅसनं जीव जातो आणि २०१३ च्या कायद्यानं तो गुन्हाही आहे. मैला कुठं रिकामा करणार तेही विचारा, ओढ्यात सोडला तर खालच्या गावाच्या विहिरीत जाणार.

हे सगळं कोण बघणार तर एकच समिती आणि एकच वही. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, जलसुरक्षक, आशाताई, बचत गटाच्या दोघी आणि छावणीतले चौघं, त्यातल्या दोन बायका पाहिजेतच. रोज संध्याकाळी ७ वाजता पारावर अर्धा तास. आज टँकर किती आले, ओटीचा रंग काय, कुठला संडास तुंबला, किती जणांना जुलाब, उद्या काय लागणार. दिवसाला तीनपेक्षा जास्त जुलाबाचे पेशंट एकाच खोलीतले निघाले तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच आरोग्य केंद्राला फोन, ओआरएस सुरू. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७ आणि रुग्णवाहिकेचा १०८, दोन्ही फळ्यावर मोठ्या अक्षरात.

पुण्या मुंबईची मदत मनापासून येते, पण विचारून येत नाही. आमच्याकडं एकाच दिवशी बिस्लेरीचे तीन ट्रक आले आणि बादली एक नव्हती. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी एकच मेसेज टाका, आज हे पाहिजे, एवढं पाहिजे, हे नको, आणि फोन एकाच माणसाचा द्या. बाटल्या आल्याच तर लहान पोरं, बाळंतिणी, आजारी ह्यांना द्या आणि रिकाम्या बाटल्यांची पोती भरून ठेवा, नाहीतर त्याच गटारीत जाऊन तुंबतात. शेजारच्या गावात काय आलंय तेही विचारा, एका गावात साबणाची थप्पी आणि दोन किलोमीटरवर एक वडी नाही असं होतं.

पाणी ओसरल्यावर माणसं घाईनं घरी निघतात पण त्यांची विहीर अजून पुराच्या पाण्यानं भरलेली असते. आधी पंप लावून उपसा करा, गाळ काढा, मग टीसीएल. विहिरीचं पाणी मोजायला व्यास गुणिले व्यास गुणिले ०.७८५ गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, आलेल्या आकड्याला हजारानं गुणलं की लिटर. पाच मीटर व्यास आणि चार मीटर पाणी म्हणजे ७८,५०० लिटर, नेहमीच्या डोसला जवळपास ३९० ग्रॅम. पुरात बुडालेल्या विहिरीला पहिला डोस ह्यापेक्षा जास्त लागतो, तो आरोग्य सेवकाला विचारून टाका, एक दिवस पाणी वापरू नका आणि ओटी केल्याशिवाय पिऊ नका. आमच्या त्या दोन पोरींतली छावणीतली होती तिला जाताना ओटीचा डबा देऊन टाकला, तिच्या गावात पहिली टेस्ट तिनंच केली.

आणि शाळा परत देताना जशी घेतली तशी द्या. टाकी उपसून, संडास ॲसिडनं घासून, दाराला कड्या लावून, ताडपत्र्या धुऊन वाळवून ग्रामपंचायतीच्या खोलीत. वही पण तिथंच ठेवा, वरच्या कप्प्यात, पाणी लागणार नाही अशी.