वह्या सगळे देतात, ताईचं मानधन कोण देणार?

२०२४ च्या मे महिन्यात, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचे पेपर संपले आणि मी पुण्यातल्या एका संस्थेत दोन महिन्यांसाठी रुजू झाले. वस्त्यांमधल्या आठवी ते बारावीच्या मुलामुलींसाठी ही संस्था संध्याकाळच्या अभ्यासिका चालवते. माझ्या पत्रावर 'मार्केटिंग व फंडरेझिंग इंटर्न' असं लिहिलं होतं. आता ओजेटीचे (पदवी अभ्यासक्रमातल्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचे) तास भरायचे म्हणून बरेच जण सामाजिक संस्थांकडे वळतायत. तुम्ही त्यातले असाल, तर मला आधी कुणी सांगायला हवं होतं ते सगळं इथे लिहितेय.

रील्स करायच्या, पोस्टर डिझाइन करायची, अशी माझी समजूत होती. पहिल्याच दिवशी ताईंनी (संस्थेत वरिष्ठांनाही ताई-दादाच म्हणतात, सर-मॅडम कुणी म्हणत नाही) माझ्यापुढे एक एक्सेल फाइल उघडून ठेवली. मागच्या आर्थिक वर्षात यूपीआयवरून आलेल्या देणग्या त्यात होत्या. बँकेच्या स्टेटमेंटवर दिसायचा तो फक्त एक आकडा आणि मध्येच तुटलेलं नाव. पॅन नाही, पत्ता नाही. ८०जी (देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी आयकराची नोंदणी) असलेल्या संस्थेला वर्षभरातल्या देणग्यांची माहिती १०बीडी फॉर्ममध्ये आयकर खात्याकडे ३१ मेपर्यंत भरावी लागते. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क बसतं. तो फॉर्म भरला की १०बीई हे प्रमाणपत्र मिळतं. ते हातात नसेल तर देणगीदाराची करसवलत अडकते. म्हणून पहिले तीन आठवडे मी फोनच करत होते, "नमस्कार, तुम्ही डिसेंबरमध्ये देणगी पाठवली होती, पावतीसाठी पॅन हवा होता."

हे काम रटाळ आहे, पण मन लावून करा. पॅन विचारायला फोन केला की माणूस बोलतो. का दिले, संस्था कुठून कळली, पुन्हा देणार का, हे मला कुठल्याही पोस्टच्या लाइक्सपेक्षा त्या फोनवर जास्त कळलं. काहीजण साहजिकच विचारतात की तुम्ही खरंच संस्थेतून बोलताय कशावरून. अशा वेळी फोनवर पॅनचा आग्रह धरू नका. संस्थेच्या अधिकृत ईमेलवरून पत्र पाठवा. रोख देणगी २,००० च्या वर असेल तर ८०जीची सवलत मिळत नाही आणि नवी करप्रणाली घेतलेल्यांनाही ती मिळत नाही. हे दोन्ही पाठ करून ठेवा. नोकरीतल्या तरुणांपैकी अनेकजण नव्या प्रणालीत असतात, त्यामुळे 'टॅक्स वाचवा' या मथळ्याने त्यांच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही.

एका निवृत्त शिक्षकांचा फोन अजून लक्षात आहे. पॅन सांगून झाल्यावर ते म्हणाले, "बाळ, मागच्या वर्षी दिले होते त्याचं काय झालं?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांना दोन दिवस मागून घेतले आणि संध्याकाळी अभ्यासिकेत जाऊन बसले. बारा बाय पंधराची खोली, दोन ट्यूबलाइट, भिंतीला टेकवलेल्या सतरंज्या, चाळीसेक मुलं. वस्तीतच राहणारी एक ताई एका कोपऱ्यात बीजगणित घेत होती आणि त्याच वेळी दारात उभ्या असलेल्या एका आईशी मुलीची शाळा सोडवू नका म्हणून बोलत होती. ती नसती तर त्या खोलीत फक्त सतरंज्या उरल्या असत्या. त्या शिक्षकांना मी फोनवर हेच सांगितलं. तुमच्या पैशांतून ताईचं मानधन गेलं, आणि ती काय करते ते असं असं. ते बराच वेळ ऐकत राहिले.

माझ्या मते या कामाचा गाभा इथेच आहे. जूनच्या मध्याला शाळा सुरू होतात आणि वह्या-दप्तरं द्यायला लोक आपणहून येतात. त्या वर्षीही कार्यालयात वह्यांचे गठ्ठे लागले होते. मानधन, खोलीचं भाडं, वीजबिल यांसाठी मात्र कुणी विचारत नाही, कारण संस्थाही ते मोकळेपणाने मागत नाहीत. आम्ही जूनचं अपील बदललं. 'एका मुलाचं भविष्य घडवा' हे वाक्य काढलं आणि एका अभ्यासिकेचा महिन्याचा खर्च ओळीने मांडला. ताईचं मानधन सगळ्यात वर. पैसे किती आले याची तुलना करायला माझ्याकडे आधीच्या वर्षाचा नीट हिशोब नव्हता, पण त्यानंतर "दर महिन्याला दिले तर चालेल का?" असे फोन यायला लागले, आणि मासिक देणगी संस्थेला किती आधार देते हे मानधनाच्या तारखेला कळतं.

एक चूक मात्र माझ्या हातून झाली. २७ मेला दहावीचा निकाल लागला. अभ्यासिकेतली एक मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली. मी तिच्या फोटोसह पोस्ट लिहिली. आईची धुणीभांडी, वडिलांचं व्यसन, एका खोलीचं घर, सगळं त्यात घातलं. फोटोसाठी घरच्यांची सही होती, मजकूर मात्र मी तिला दाखवलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी ती आली. "ताई, मी ज्या कॉलेजात जाणार तिथली पोरं हे वाचतील ना?" एवढंच बोलली. पोस्ट मी तिच्यासमोर काढली, माफी मागितली. नंतर तिने स्वतःच चार ओळी लिहून दिल्या, त्यात भूमितीचं एक प्रमेय किती छळत होतं ते होतं आणि सायन्सला जायचंय एवढं होतं. तीच पोस्ट गेली. तेव्हापासून मुलांबद्दलचा एकही मजकूर मी त्यांनी वाचल्याशिवाय बाहेर जाऊ दिला नाही. तुम्हीही देऊ नका, वरून कितीही घाई असली तरी.

सीएसआरबद्दल, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायच्या खर्चाबद्दल, थोडक्यात. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो, पण तो पैसा संस्थेला मिळायचा तर तिची सीएसआर-१ ही सरकारी नोंदणी लागते. इंटर्नच्या वाट्याला येतं ते कंपन्यांची यादी करणं. सरसकट शंभर ईमेल टाकू नका. कंपनीच्या वार्षिक अहवालात सीएसआरचं परिशिष्ट असतं, कंपनी कशा प्रकारच्या कामांवर पैसे खर्च करते याचा अंदाज त्यातून येतो. ते वाचून दहाच निवडा.

रुजू होण्याआधी मानधन, प्रवासखर्च, कुणाच्या हाताखाली काम आणि प्रमाणपत्रावर काय लिहिणार, हे विचारून घ्या. विचारल्याने कुणी रागावत नाही.

शेवटच्या दिवशी मी ती एक्सेल फाइल पुढच्या इंटर्नच्या हवाली केली. पॅनच्या रकान्याशेजारी मी आणखी एक रकाना वाढवला होता. त्या शिक्षकांच्या नावापुढे लिहिलं होतं : दुपारी झोपतात, चारनंतर फोन करावा, अभ्यासिकेतल्या ताईची खुशाली आधी सांगावी.