तुमच्याकडे ‘करिअर’चा प्रभार आला असेल तर

शाळेत नव्याने लागलेल्या शिक्षकाच्या गळ्यात दोन कामं हमखास पडतात: पोषण आहाराच्या नोंदी आणि दहावीच्या मुलांचं ‘करिअर मार्गदर्शन’. पहिल्याचा हिशोब तांदळाच्या पोत्यांवरून तपासला जातो. दुसऱ्याचं कुणी काही विचारत नाही, म्हणून ते सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात मी गणित शिकवते. चौदा वर्षं झाली, त्यातली बारा वर्षं हा प्रभार माझ्याकडे आहे. सुरुवातीला मी जे करत होते त्याला मार्गदर्शन म्हणायला आज जीभ रेटत नाही. शहरातून आणलेला एक तक्ता होता. दहावीच्या चौकटीतून फाटे फुटायचे आणि टोकाला डॉक्टर, इंजिनिअर, वकील, सीए. तो भिंतीला लावायचा, तासभर बोलायचं आणि शेवटी विचारायचं, “कोणाला काय व्हायचंय?” अर्धा वर्ग म्हणायचा, पोलीस. २०१६ पासून काही वर्षं सरकारी कलचाचणी झाली, तिच्या अहवालातही आमच्या वर्गात ‘गणवेशधारी सेवा’ हेच शब्द कागदामागून कागदावर यायचे. मला त्यात चाचणीची खोट दिसली नाही. महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी जी माणसं या मुलांनी जवळून पाहिलेली असतात ती म्हणजे शिपाई, मास्तर, तलाठी आणि एसटीचा कंडक्टर. त्यातल्या ज्याचा रुबाब जास्त, त्याचं नाव ती घेतात.

माझी चूक झाली ती मात्र पोलीस म्हणणाऱ्यांच्या बाबतीत नाही. एक मुलगा होता, घरी दोन म्हशी. सकाळी डेअरीवर दूध घालून यायचा, म्हणून पहिल्या तासाला रोज उशीर. एकदा वह्या तपासताना त्याच्या वहीच्या मागच्या पानांवर तारखेवार आकडे दिसले: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर. पावती हरवली की घरी भांडण, म्हणून उतरवून ठेवायचा. आठवड्याच्या शेवटी सरासरी काढलेली, आणि एका जागी रेघ मारून लिहिलेलं, “ढेप बंद. फॅट ६.८ वरून ६.१.” ढेप म्हणजे म्हशीला घालायची पेंड. मी वहीवर सही केली आणि ‘मागील पाने रफसाठी वापरू नये’ असा शेरा मारला.

दहावीला त्याला ७९ टक्के पडले. टीसी न्यायला आला तेव्हा म्हणाला, “मॅडम, मले ढोरायचंच काहीतरी करायचं हाय.” मी पटकन म्हटलं, मग बायोलॉजी घे, गणित सोड, ‘नीट’ची प्रवेश परीक्षा दे, व्हेटर्नरीला जा. गणिताची बाई असून गणित सोडायला मीच सांगितलं, कारण गणितात त्याला ६२ होते आणि मला वाटलं पोराचं ओझं कमी केलं. पशुवैद्यकाच्या पदवीचे प्रवेश नीटच्या गुणांवर होतात, आणि राज्यातली त्याची सरकारी कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्याने नीट दोनदा दिली, दोन्ही वेळा नंबर लागला नाही. मग कुठूनतरी त्याला कळलं की पुसदजवळ वरूडला, आपल्याच जिल्ह्यात, नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं डेअरी टेक्नॉलॉजीचं कॉलेज आहे. फॅट, एसएनएफ, दुधावरची प्रक्रिया, सगळं तिथेच. तो मला विचारायला आला. त्या बी.टेक.ला बारावीचं गणित लागतं.

त्या रात्री मला ती वही आठवली. तिच्यात जनावराच्या आजाराबद्दल एक ओळ नव्हती. सगळे आकडे दुधाचे होते.

तो पुढे बी.एस्सी. ॲग्रीला गेला, चांगला शिकला, वाईट काही झालं नाही. बारावीनंतर फक्त गणिताचा पेपर वेगळा देण्याची सोय बोर्डात असते, तिला ‘आयसोलेटेड’ म्हणतात. पण दोन वर्षं नीटमध्ये घालवलेल्या पोराला आणखी एक वर्ष थांब म्हणायला माझं तोंड झालं नाही.

तेव्हापासून मी ‘काय व्हायचंय’ हे सगळ्यात शेवटी विचारते. पहिला प्रश्न असा की कोणता विषय सोडल्यावर कोणतं दार बंद होतं. हे तुम्ही स्वतः आधी पाठ करा. अकरावी विज्ञानात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रासोबत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेता येतात. गणित गेलं की इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, डेअरी टेक्नॉलॉजी आणि एनडीएतून हवाई दल व नौदल गेलं. जीवशास्त्र गेलं की एमबीबीएस, आयुर्वेद, पशुवैद्यक आणि बी.एस्सी. नर्सिंग गेलं. बी.एस्सी. ॲग्री आणि बी.फार्म.ला राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेचे दोन्ही ग्रुप, गणिताचा आणि जीवशास्त्राचा, चालतात. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कॉलेजांत जायचं असेल तर सातबाराला गुणांकनात वेगळा भार मिळतो, हे शेतकऱ्याच्याच पोरांना माहीत नसतं. काही कॉलेजांत क्रॉप सायन्स, इलेक्ट्रॉनिक्ससारखे बायफोकल, म्हणजे व्यावसायिक, विषय असतात, गुण चांगले पडतात म्हणून मुलं तिकडे वळतात. ते घेतल्यावर नेमका कोणता विषय सुटतो, हे प्रवेशाआधी लिहून घ्या.

कुंपणावरच्या मुलाला मी दोन्ही घे म्हणते. ओझं वाढतं, खरं आहे. ज्याला दहावीचं बीजगणित रडत-रडत गेलं त्याला मात्र हा आग्रह करू नका. त्याचं रसायनही जाईल.

पोलीस म्हणणाऱ्यांसाठी वर्गाच्या दाराजवळ भिंतीवर मी दोन रेघा मारल्यात, १६५ सेंटिमीटर मुलांसाठी आणि १५५ मुलींसाठी. शिपाई भरतीची ही सर्वसाधारण अट. मधल्या सुटीत पोट्टे तिथे टाचा उचलून उभे राहतात. भरतीला बारावी पास लागतं, शाखा कोणतीही. म्हणजे पोलीस व्हायचं म्हणून आर्ट्स घ्यावं लागत नाही, आणि आर्ट्स घेतलं म्हणून ग्राउंड, म्हणजे शारीरिक चाचणी, निघत नाही. एमपीएससीच्या बहुतेक सर्वसाधारण पदांचंही तेच, पदवी कोणतीही चालते.

तक्ता मी काढून टाकला. त्याच्या जागी टेबलावर अकरावीची पुस्तकं ठेवते: भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, पुस्तपालन व लेखाकर्म, भूगोल, राज्यशास्त्र. जुनी, मुलांनीच परत दिलेली. दिवाळीनंतर प्रत्येकाने एक पुस्तक आठवडाभर घरी न्यायचं, मधली चार पानं वाचायची आणि काय कळलं ते मला सांगायचं. याचा सगळ्यात मोठा फायदा असा की विज्ञानाचं पुस्तक इंग्रजीत असतं हा धक्का ऑगस्टऐवजी नोव्हेंबरात बसतो. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला, विज्ञानात ८५ पाडणारा मुलगा अकरावीच्या भौतिकशास्त्राचं एक पान वाचून गप्प होतो. त्याला घाबरवायचं नाही. रोज एक पान, शब्दांखाली पेन्सिलीने अर्थ, एवढं काम मे महिन्यापर्यंत लावून द्यायचं. जे हे करतात ते अकरावीत टिकतात.

दोन वर्षांपूर्वी एका मुलीने लेखाकर्माचं पुस्तक नेलं, कारण बाकीची दुसऱ्यांनी उचलली होती. चौथ्या दिवशी आली आणि रोजकीर्दीचं पान उघडून म्हणाली, “मॅडम, हे तं मायच्या बचत गटाचंच हाय. मीच लिवतो ना रजिस्टर.” नावे-जमा तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिच्या बापाला मात्र लागलं. संध्याकाळी घरी गेले तर तो ओसरीवर पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) फवारणीचा पंप दुरुस्त करत होता. म्हणाला, “सायन्स घेतलं तं पोट्टी मोठी होते, आर्ट-कॉमर्स घेतलं तं वावरातच येते, असं म्हनतात सारे.” पालकांना शाळेत बोलावून सभा घेऊ नका, आणि घेतलीच तर सोंगणीच्या दिवसात तर मुळीच नाही. घरी जा, काळा चहा प्या, आणि माय घरात असताना बोला. त्या दिवशी तिची माय आतून म्हणाली, “गटाचे पैसे कोनाकडं किती, हे बँकवाल्यालेही हिच्याइतकं माईत नाही.” विषय तिथे संपला. पोरगी आता यवतमाळला शासकीय वसतिगृहात राहून कॉमर्स करते.

आर्ट्सबद्दल एक आडवळण. बारावीच्या गणिताच्या एका पुस्तकावर ‘कला आणि विज्ञान’ असं छापलेलं असतं. म्हणजे कागदोपत्री आर्ट्सच्या मुलालाही गणित घेता यावं. आमच्या आसपासच्या एकाही कॉलेजात मला ही सोय दिसलेली नाही. अर्थशास्त्र पुढे शिकू पाहणाऱ्या मुलाला तिची गरज असते, पण सांगायचं कुणाला?

कॉलेज निवडताना नाव पाहू नका, एसटीचं वेळापत्रक पाहा. मुलींना बारावीपर्यंत शिक्षणासाठीचा एसटी प्रवास मोफत आहे, काही मार्गांवर मानव विकासच्या निळ्या बसही धावतात. पण शेवटची गाडी साडेपाचला असेल आणि प्रात्यक्षिकं पाचपर्यंत, तर पावसाळ्यानंतर ती मुलगी प्रात्यक्षिक सोडायला लागते आणि दिवाळीनंतर कॉलेज. दुसरी गोष्ट जास्त कडू आहे. काही ठिकाणी अकरावी-बारावी विज्ञान फक्त हजेरीपटावर असतं. नाव एका कॉलेजात, शिकवणी भलत्याच शहरातल्या क्लासमध्ये. माझी एक ८८ टक्क्यांची विद्यार्थिनी अशाच ठिकाणी गेली, क्लासची फी भरण्याइतका पैसा घरात नव्हता, आणि दोन वर्षं तिने पुस्तकांकडे बघून काढली. आता मी मे महिन्यापूर्वी, चालू दिवशी, अकराच्या सुमारास स्वतः कॉलेजात जाऊन प्रयोगशाळा दाखवा म्हणते. किल्ली शोधायला वीस मिनिटं लागली की मला उत्तर मिळतं.

ज्याला हाताने काम करायला आवडतं त्याच्यासाठी आयटीआय आणि पॉलिटेक्निकची नावं तुम्ही आधी घ्या. ‘मार्क कमी पडले तर’ या वाक्यात ती घेऊ नका. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. दोन वर्षांचा आयटीआय केला की डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. आमच्याकडे वणीच्या बाजूला कोळशाच्या खाणी आहेत, तिथे फिटर आणि इलेक्ट्रिशियन काय कमावतो हे पालकांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. अडचण फक्त प्रतिष्ठेची असते, आणि ती बहुतेक वेळा शाळेनेच तयार केलेली असते.

आता पैशाचं. निकाल लागतो, प्रवेश सुरू होतात, आणि नेमकी तेव्हाच पेरणी असते. घरातला रोकडा बियाण्यात आणि खतात गेलेला. जूनमध्ये बाप ‘बघू’ म्हणतो त्याचा अर्थ नकार नसतो, हात रिकामा असतो. म्हणून शिष्यवृत्त्यांचं बोलणं जानेवारीतच करा. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयंम, शिवाय महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या योजना. तांड्यावरच्या आणि पोडावरच्या (कोलामांच्या वस्तीवरच्या) मुलांना या योजनांची नावं माहीत असतात, अर्ज भरणारं कुणी नसतं. मुलींच्या पालकांना एक गोष्ट पुनःपुन्हा सांगा: २०२४-२५ पासून व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांत, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. कुणी एजंट ‘डायरेक्ट करून देतो’ म्हणाला की ही माफी हातची जाते.

अकरावीचा अर्जही २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झालाय. दहापर्यंत पसंती भरता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होतं. गेल्या वर्षी एकाने मित्राच्या नादाने नागपूरचं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं, ते मिळालं, आणि राहायची सोय नाही म्हणून घरी बसला. सायबर कॅफेवाला अर्ज भरतो, पसंतीक्रम भरत नाही; तो कागदावर लिहून, मुलाची सही घेऊन मगच पाठवा.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे पण ते फक्त शाळेलाच करता येतं. जातीच्या दाखल्यासाठी आणि पुढे पडताळणीसाठी जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. तो पुरावा पुष्कळदा आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात असतो, म्हणजे आपल्याच कपाटात. आजोबांचं नाव तिथे ‘लक्षा’ असतं आणि आधारवर ‘लक्ष्मण’, ते जुळवायला तहसीलच्या दोन-तीन चकरा लागतात. हे नववीतच सुरू करा. आणि त्या कपाटाची किल्ली बाबूकडे असते, बाबू जूनमध्ये हमखास सुटीवर जातो. किल्ली मे महिन्यातच मागून घ्या.