फुलांचे उपक्रम घेताय? निदान या चुका टाळा

मुलांच्या गटाबरोबर फुलांचे उपक्रम घ्यायला लागून मला बरीच वर्षं झाली. दर थोड्या दिवसांनी कुणीतरी नवीन ताई किंवा दादा पडल्या चेहऱ्याने येतो. "मुलांना मजाच आली नाही हो." मी एकच विचारते, आदल्या दिवशी घरी करून बघितलं होतंस का? "नाही, पण व्हिडिओ बघितला होता." झालं!

फूल काय, कुठलंही चालतं!

नाही चालत. हे मी स्वतः तोंडावर पडून शिकले आहे.

पहिल्याच वर्षी 'फुलाचे भाग ओळखा' घ्यायचं ठरलं होतं. बारा-तेरा वर्षांची वीसेक मुलं. सकाळी उठून जास्वंदी गोळा करायचा कंटाळा केला आणि झेंडूची पिशवी उचलून गेले. फळ्यावर ऐटीत आकृती काढली: निदलपुंज (बाहेरची हिरवी दलं), दलपुंज (पाकळ्या), पुमंग (पुंकेसर, म्हणजे फुलाचा नर भाग), जायांग (मादी भाग). म्हटलं, मोजा पाकळ्या. एकाच्या त्र्याहत्तर झाल्या, एकीच्या शंभराच्या पुढे गेल्या, दोघांनी मोजणं सोडून एकमेकांवर उधळायला सुरुवात केली. तेवढ्यात मागून एक मुलगी म्हणाली, "ताई, माझ्या प्रत्येक पाकळीला खाली काडी आहे. आणि आत दोन फाट्यांचा केस आहे." मी म्हटलं, "ते राहू दे, तू पुंकेसर शोध." ती काही सोडेना. "पण ही काडी वाळली की झेंडूचं बी होतं ना? मग पाकळीला बी कसं?"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. झेंडू हे एक फूल नाहीच, ती फुलांची अख्खी वसाहत आहे. आपण जिला पाकळी म्हणतो ते एक छोटं फूल, खालची काडी त्याचं अंडाशय (जिथे बी तयार होतं) आणि दोन फाट्यांचा तो केस म्हणजे परागकण झेलणारी कुक्षी. मुलगी बरोबर होती आणि फळ्यावरची आकृती हातातल्या फुलाची नव्हतीच. शेवंती, सूर्यफूल, डेलिया, सगळी त्याच घराण्यातली.

म्हणून भाग ओळखायला एकेरी जास्वंद, दुसरं काही नाही. पाच पाकळ्या, मधल्या दांडीवर पुंकेसरांची झालर, टोकाला कुक्षीचे पाच ठिपके. बुडाशी अंडाशय आडवं कापलं की पाच कप्पे आणि त्यातली पांढरी बीजांडं (ज्यांचं पुढे बी होतं) साध्या भिंगातून दिसतात. फुलं त्याच दिवशी सकाळी तोडा, जास्वंद एका दिवसाची पाहुणी असते. दुहेरी जास्वंद किंवा भरगच्च गुलाब आणू नका. त्यांच्यातल्या बऱ्याचशा जादा पाकळ्या म्हणजे रूप बदललेले पुंकेसरच असतात, मग मुलं शोधणार काय? बोगनवेलीत तर तो रंगीत भाग पाकळीच नाही, ती पानं आहेत. खरं फूल म्हणजे मधली बारीक नळी.

झेंडूवर माझा राग नाही हं. आता मी तो दुसऱ्या सत्रात मुद्दाम आणते आणि विचारते, "यात फुलं किती?" जास्वंद उलगडून झालेली मुलं दहा मिनिटांत कोडं सोडवतात.

रंगीत पाण्यातलं पांढरं फूल

हा सगळ्यांचा आवडता आणि सगळ्यात जास्त फसणारा प्रयोग. एक दादा पोस्टर कलर घेऊन आला होता. मुलं तासभर ग्लासांकडे टक लावून बसली, फूल पांढरं ते पांढरंच. पोस्टर कलर पाण्यात विरघळत नाही. त्याचे कण तळाशी बसतात, देठाच्या नळ्यांतून वर चढत नाहीत. खाण्याचा द्रवरूप रंग घ्या आणि हात आखडू नका, अर्ध्या ग्लासला पंधरा-वीस थेंब तरी हवेत. फिकट पाण्यात फूल फिकटच रंगतं.

देठ पाण्यात बुडवून, धारदार पात्याने, तिरका कापा. बाहेर कापला की नळीत हवा शिरते आणि पाणी अडतं. बोथट कात्रीने देठ चेपतो, तेही नको. फूल हवेशीर जागी ठेवा. पाकळ्या-पानांतून बाष्प उडतं म्हणून तर पाणी वर ओढलं जातं.

आणि घाई! पाकळ्यांच्या काठावर रंग दिसायला काही तास लागतात, नीट चढायला रात्र जाते. मी आदल्या संध्याकाळी दोन ग्लास घरी लावून ठेवते. गटात मुलं स्वतःचे लावतात, माझे बघतात, आपापले घरी नेतात. अर्ध्या तासात रंग दिसावा म्हणून पाकळ्यांवर गुपचूप ब्रश फिरवणारे महाभागही मी पाहिलेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पुढच्या वेळी बोलावत नाही.

बाकीच्या, पटापट

फुलं दाबताना गुळगुळीत मासिकाचा कागद वापरू नका, तो ओल शोषत नाही. वर्तमानपत्र घ्या, पहिले चार-पाच दिवस रोज बदला आणि त्यानंतर दोन-तीन आठवडे उघडून बघू नका. इस्त्री फिरवून काम उरकता येतं म्हणतात. माझी फुलं तपकिरी झाली, मी नाद सोडला.

लिंबू आणि खाण्याच्या सोड्याने रंग बदलून दाखवायचा तर गोकर्णाचं निळं पाणी घ्या. लिंबाने जांभळं-गुलाबी होतं, सोड्याने हिरवटीकडे जातं. झेंडूच्या पाण्यावर कितीही लिंबं पिळा, त्यातलं रंगद्रव्य वेगळं आहे.

कण्हेर आणि धोतरा गटात आणायचेच नाहीत. दोन्ही विषारी आहेत, 'हात धुऊ की नंतर' हे उत्तर नाही. परागांची ॲलर्जी कुणाला आहे का, हे पालकांना आधीच विचारा.

फुलांचं घड्याळ, म्हणजे कुठलं फूल किती वाजता उघडतं याचा तक्ता, करताना वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा तक्ता उतरवून काढू नका. 1751 साली त्याने फुलांच्या उघडण्या-मिटण्याच्या वेळा मांडल्या, पण त्या स्वीडनमधल्या उप्सालाच्या. तुमच्या अंगणातलं फूल त्या वेळा पाळणार नाही. मुलांना एकेक झाड वाटून द्या, आठवडाभर वेळा टिपू द्या. गुलबक्षी संध्याकाळी उघडते म्हणून ती उशिरा उठणाऱ्यांना द्यावी. सकाळची फुलं त्यांना दिलीत, तर वहीत सगळ्या नोंदी अकराच्या येतील.