दिव्यांची माळ लागत नसेल तर या चुका टाळा

दिवाळीच्या तोंडावर आमच्या लातूर भागात सोयाबीनची पोती घरात येतात आणि वर्षभर माळ्यावर पडून राहिलेली लाइटिंगची माळ खाली उतरते. ती लागली नाही की पहिला संशय बल्बांवर जातो. गेल्या वर्षी मीही तासभर एकेक बल्ब हलवत बसलो होतो. शेवटी दिव्यांची उघडझाप करणाऱ्या डबीपासून वीतभर अंतरावर उंदराने कुरतडलेली वायर दिसली आणि तिच्यातून तांब्याच्या दोन-तीन तारा बाहेर डोकावत होत्या. पिन काढून सगळी वायर आधीच नीट न्याहाळली असती तर पाच मिनिटांत काम झाले असते.

नुसता स्विच बंद करून माळेला हात लावू नये. जुन्या घरांत स्विच कधीकधी फेजऐवजी (करंट आणणाऱ्या वायरीऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या वायरीवर) जोडलेला असतो, त्यामुळे तो बंद असूनही माळेत फेज राहतो. म्हणून पिनच बोर्डातून बाहेर काढावी. टेस्टर पेटला म्हणजे पॉइंट चालू आहे, असेही समजू नये, कारण न्यूट्रल तुटलेला असला तरी टेस्टर पेटतो. त्यापेक्षा त्याच पॉइंटवर मोबाइलचा चार्जर लावून पाहावा.

पॉइंट ठीक असेल तर अंधार कुठे आहे ते पाहावे. या माळांमध्ये बल्ब एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका ठिकाणी वायर तुटली किंवा बल्ब होल्डरमध्ये सैल झाला की ती पूर्ण ओळ विझते. एकच तुकडा बंद असेल तर दोष त्याच तुकड्यात शोधावा. सगळी माळ बंद असेल तर पिन, तिच्याजवळची वायर आणि डबी आधी तपासावी.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे गेलेला बल्ब काढून त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून टाकणे. 50 बल्बांच्या जुन्या माळेत 230 व्होल्टमधून प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 4.6 व्होल्ट येतात. पाच बल्ब वगळले की तेच 5.1 होतात, उरलेले बल्ब जास्त तापतात आणि त्यांचे आयुष्य घटते. माळ दोन दिवस झकास उजळते, हीच यातली फसगत आहे. बदली बल्ब मात्र त्याच व्होल्टेजचा असावा.

तुटलेली वायर जोडताना सेलोटेप वापरू नये. दोन्ही टोके सोलून घट्ट पिळावीत, प्रत्येक जोडावर वेगळी इन्सुलेशन टेप गुंडाळावी आणि तो भाग पत्र्याला किंवा लोखंडी गेटला टेकू देऊ नये. परतीचा पाऊस दिवाळीतही गाठतो. डबी तापून वितळली असेल किंवा वायर जागोजागी तडकली असेल तर दुरुस्तीच्या नादी न लागता माळ टाकून द्यावी.

सण सरल्यावर माळ पुठ्ठ्यावर सैल गुंडाळून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी. आमची आता पोत्यांपासून लांब, तशाच एका डब्यात आहे.