डॅनियल बूनच्या जमिनीचे कागद लावायचे कसे?

अमेरिकेतल्या केंटकीत हजारो एकरांवर दावे लावलेल्या डॅनियल बून या अठराव्या शतकातल्या शिकारी-वाटाड्याच्या हाती म्हातारपणी तिथलं जवळपास काहीच उरलं नाही. 'भोळा शिकारी, वकिलांनी लुबाडला' एवढ्यावर समाधान होत असेल, तर प्रश्नच मिटला. नाहीतर कागद काढून बसा. मी ते कसे लावतो, ते सांगतो.

१७७५ मधले ट्रान्सिल्वेनिया कंपनीचे कागद आधी बाजूला काढा. कंपनीच्या रिचर्ड हेंडरसनने चेरोकी या मूळनिवासी लोकांकडून केलेली ती जमीनखरेदी व्हर्जिनियाने १७७८ मध्ये मान्यच केली नाही; केंटकी तेव्हा व्हर्जिनियाच्याच ताब्यात होतं. खरा हिशेब व्हर्जिनियाच्या १७७९ च्या जमीन कायद्यापासून सुरू होतो. १ जानेवारी १७७८ पूर्वी वस्ती केलेल्याला ४०० एकर, शिवाय लगतच्या १००० एकरांवर पहिला हक्क. बाकीच्यांनी सरकारी खजिन्यातून वॉरंट, म्हणजे ठरावीक एकर जमीन घेण्याचा परवाना, विकत घ्यायचं.

एका जमिनीमागे चार टप्पे असतात: वॉरंट, नोंद (कुठली जागा हवी ते दप्तरात लिहिणं), मोजणी आणि सनद (मालकीचा शेवटचा कागद). बहुतेक जण सनद सापडली की खूश होतात. मी आधी नोंद उघडतो, कारण दावा बुडायचा तो तिथेच. ती वाचून परक्या माणसालाही जागा सापडावी, अशी अट होती. 'अमुक ओढ्याच्या उगमाशी, खुणेच्या झाडापासून' असं लिहिलं आणि त्या ओढ्याला तीन फाटे निघाले, की नोंद कोर्टात टिकणं कठीण. सरकारने आधी मोजणी करून तुकडे पाडलेच नव्हते, त्यामुळे एकाच जागेवर दोन-तीन दावे सर्रास चढत. सनद आधीची असली, तरी दुसऱ्याची जुनी आणि पक्की नोंद तिला हरवू शके.

मोजणीचा कागद मिळाला की आकृती काढाच. कोनमापक, पट्टी आणि चौकटींचा कागद पुरे. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट, १६० चौरस पोलांचा एक एकर. म्हणजे १००० एकरांचा चौरस बरोबर ४०० पोल बाजूचा होतो. एकेक दिशा आणि अंतर टाकत जा. शेवटची रेघ मोजणी जिथून सुरू झाली त्या पहिल्या झाडाशी मिळायला हवी. थोडी फट राहणारच. मोठी राहिली तर आधी स्वतःचं वाचन तपासा; जुन्या अक्षरात ३ आणि ८ हमखास फसवतात. आकृती आजच्या नकाशावर बसवताना ती काही अंश फिरवावी लागते, कारण त्यांचं होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवायचं.

बूनचं नाव दिसलं की तो तिथे कोण आहे ते बघा. मालक, मोजणीदार की साक्षीदार? १७८० च्या दशकात तो सहायक मोजणीदार होता, म्हणून पुष्कळ कागदांवर त्याची सही दुसऱ्याच्या जमिनीसाठी आहे. हे वेगळं न काढता बेरीज केलीत तर त्याची मालमत्ता फुगत जाते. आणि वॉरंट सापडलं नाही म्हणून लगेच त्याच्यावर निष्काळजीपणाचा शिक्का मारू नका. १७८० मध्ये स्वतःचे आणि इतरांचे पैसे घेऊन तो वॉरंटं आणायला निघाला आणि वाटेत व्हर्जिनियात लुटला गेला.

कोर्टातल्या खटल्यांच्या फायलीत निकालाआधी साक्षी वाचा. झाड कुठलं, खूण कोणी कोरली, झरा कोणत्या अंगाला, हे सगळं तिथेच मिळतं. अर्थात साक्ष देणं बूनला नेहमी सोयीचं नव्हतं. १७९८ मध्ये साक्षीचं समन्स टाळलं म्हणून त्याच्या अटकेचा हुकूम निघाला. त्याच वर्षी केंटकीने एका काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, त्याचं नाव दिलं!

१७९९ मध्ये बून मिसूरीत गेला, म्हणून त्यानंतरच्या कागदांसाठी तिकडे वळा. तिथे स्पॅनिश राजवट होती आणि जमीन आर्पांमध्ये मोजत. त्याला मिळालेले १००० आर्पां म्हणजे सुमारे ८५० एकर. अमेरिकेच्या हाती प्रदेश आल्यावर जमीन मंडळाने हा दावा १८०९ मध्ये फेटाळला: अटीप्रमाणे कसणूक झाली नव्हती आणि कागदही पुरे केलेले नव्हते. १८१४ मध्ये काँग्रेसने ती जमीन त्याला परत दिली. त्यापुढचे कागद मात्र विक्रीचे आहेत. त्या पैशातून केंटकीतल्या जुन्या येणेकऱ्यांची देणी भागवली गेली, पण विकलेली जमीन मिसूरीतली, म्हणून खरेदीदारांची नावं केंटकीच्या नव्हे, मिसूरीच्या दप्तरात शोधा.